स्वस्त सिगार नेमकी कशात स्वस्त केली आहे?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सिगारविषयी मराठीत कधी काही छापून येते तेव्हा ते क्युबापासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. एका सिगारला हजारो रुपये मोजणाऱ्याला ते पुरेसे असेल. पण दुबईहून परतणाऱ्याच्या बॅगेतून, विमानतळावरच्या दुकानातून किंवा गोव्यातल्या काउंटरवरून जी परवडणारी सिगार घरात येते, तिच्याबद्दल वाचकाला देशाच्या नावापलीकडे काहीच सांगितले जात नाही. ‘निकाराग्वाची म्हणजे कडक, डॉमिनिकन म्हणजे सौम्य’ एवढ्यावर तुलना आटोपते. ती चुकीची का आहे आणि बरोबर तुलना कशी करायची, यासाठी हे पत्र.

सिगारचा खर्च पान, हात आणि वेळ या तीन गोष्टींत जातो. पेटी आणि सोनेरी पट्टी त्यानंतर येतात. स्वस्त सिगार करणाऱ्याला यांपैकी कशात तरी हात आखडावा लागतो, आणि प्रत्येक प्रदेश तो वेगळ्या ठिकाणी आखडतो. काटकसर कुठे झाली हे कळले की सिगारमध्ये कोणता दोष निघणार, तेही आधीच कळते.

आधी रचना पाहू. सर्वांत वर दिसते ते रॅपर. त्याच्या आत घट्ट बांधणारे पान म्हणजे बाइंडर आणि पोटात फिलर. फिलरची पाने झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची असतात. खालच्या भागातले पातळ, चटकन पेटणारे पान व्होलादो, मधले सुवासिक सेको आणि शेंड्याकडचे, भरपूर ऊन खाल्लेले जाड व कडक पान लिगेरो. लिगेरो हळू जळते, म्हणून कारागीर ते बरोबर मध्यभागी ठेवतो. ते बाजूला सरकले की एक कड पुढे जळत जाते आणि दुसरी मागे राहते. पुष्कळ लोक अशा वेळी पेटवणाऱ्याला दोष देतात, पण चूक वळणाऱ्या हाताची असते.

लाँग फिलरमध्ये ही पाने सिगारच्या पूर्ण लांबीची असतात आणि त्यांच्या घड्यांमधून हवा जायला वाट राहते. शॉर्ट फिलरमध्ये पानांचे तुकडे असतात. तुकड्यांना हवा सगळीकडून मिळते, म्हणून ते भराभर जळतात, धूर गरम होतो आणि शेवटच्या तिसऱ्या भागात कडूपणा येतो. राखही ठिसूळ पडते. लाँग फिलरची राख दोन-अडीच सेंटिमीटर सहज टिकते, शॉर्ट फिलरची त्याआधीच अंगावर सांडते. स्वस्त सिगारच्या बाबतीत लाँग की शॉर्ट हा पहिला प्रश्न आहे. देश त्यानंतर विचारावा.

आता क्युबा. तिथली नामांकित तंबाखू पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्ता आबाहो भागातली. परवडणाऱ्या क्युबन सिगारांपैकी होसे एल. पिएद्रा ही त्या भागातली नाहीच. तिची तंबाखू बेटाच्या मध्याकडच्या व्हुएल्ता आरिबातली, आणि फिलर शॉर्ट. किंतेरोही शॉर्ट फिलरच. दोन्ही हाताने वळलेल्या आहेत आणि चवीत क्युबाची माती ओळखू येते, पण पान दुय्यम आणि कापलेले आहे. क्युबाने काटकसर तिथे केली आहे. ‘क्युबन’ या एका शब्दावर विसंबून ती निकाराग्वाच्या लाँग फिलरपेक्षा सरस मानणे म्हणजे हापूसचे दुय्यम तुकडे अख्ख्या पायरीपेक्षा चांगले मानण्यासारखे आहे. पेटीच्या तळाशी ‘एचो एन कुबा’ आणि ‘तोतालमेंते आ मानो’ असे डागलेले असते. शॉर्ट फिलर असेल तर ‘त्रिपा कोर्ता’ हे शब्दही असतात. शेजारी कारखान्याचे सांकेतिक अक्षर आणि भरणीचा महिना-वर्ष असतो. जानेवारीसाठी स्पॅनिशमधले ‘एने’, ऑगस्टसाठी ‘आगो’. काचेच्या झाकणाची, कोहिबा या महागड्या क्युबन सिगारची पेटी कुणी स्वस्तात देऊ केली तर ती नकली समजावी. तशी पेटी क्युबातून निघतच नाही.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये इयान चक्रीवादळाने पिनार देल रिओतली तंबाखू सुकवायची हजारो घरे आडवी केली. त्याच वर्षी कोहिबा आणि त्रिनिदाद या महागड्या क्युबन सिगारांच्या किमती जगभर वर नेल्या गेल्या. त्यामुळे स्वस्त क्युबन सिगारवर मागणीचा ताण आला आहे आणि नकली मालाला रान मोकळे झाले आहे.

परवडणाऱ्या किमतीत आज सर्वांत प्रामाणिक माल निकाराग्वाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे मातीत आहेत, तशी इतिहासातही. १९६० मध्ये क्युबाने सिगारचे कारखाने सरकारी केले, १९६२ मध्ये अमेरिकेने क्युबाशी व्यापार बंद केला, आणि तिथले कसलेले शेतकरी बियाणे घेऊन निकाराग्वा, होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिककडे गेले. निकाराग्वात एस्तेलीची काळी, भारी, ज्वालामुखीची माती कडक आणि मिरमिरीत पान देते. उत्तरेला हालापाची माती तांबूस आणि हलकी, तिथले पान गोडसर आणि रॅपरच्या कामाचे. या दोहोंच्या मधल्या कोंदेगाची जमीन खडकाळ. सरोवरातल्या ओमेतेपे बेटाची तंबाखू मातकट-गोड. एकाच देशात चार चवी असताना ‘निकाराग्वाची म्हणजे कडक’ म्हणणे किती अपुरे आहे, ते यावरून दिसेल.

निकाराग्वाची स्वस्त सिगार बंडलात येते. २० किंवा २५ नग, सेलोफेनमध्ये, लाकडी पेटी नाही. अनेकदा हा माल रंग न जुळल्यामुळे किंवा रॅपरवर जाड शीर राहिल्यामुळे वेगळा काढलेला असतो. महागड्या पेटीत सगळ्या सिगारांचा रंग एकसारखा दिसावा म्हणून केवढी निवड होते, ती मजुरी इथे वाचते. त्याने ओढण्यात काही फरक पडत नाही. म्हणून ही काटकसर आम्हाला चालते.

वेळेत केलेली काटकसर मात्र चालत नाही. सुकवलेली पाने ओलसर करून त्यांचे मोठे ढीग रचतात. ढिगाच्या पोटात आपोआप उष्णता वाढते. ती ४५–५० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की ढीग फोडून वरची पाने खाली, आतली बाहेर करून पुन्हा रचतात. हे महिनोन्‌महिने चालते आणि त्यात पानातला अमोनिया निघून जातो. जाड लिगेरोला पातळ व्होलादोपेक्षा कितीतरी जास्त काळ लागतो. ढीग लवकर फोडून माल वळायला दिला की अमोनिया आत राहतो. न पेटवता सिगारचे पेटवायचे टोक नाकाशी धरा. गोठ्यातल्या मुताचा किंवा केस रंगवायच्या द्रावणाचा उग्र दर्प आला तर पान कच्चे आहे. थोडासाच दर्प असेल तर ६५ टक्के आर्द्रतेत दोन-तीन महिने ठेवल्यावर तो जातो. डोळ्यांत पाणी येण्याइतका असेल तर बंडल परत करावे, कारण ढिगात न झालेले काम पेटीत होत नाही.

डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये तंबाखू सिबाओच्या खोऱ्यात, सान्तियागो शहराच्या आसपास होते. पिलोतो कुबानो आणि ओलोर ही तिथली ओळखीची वाणे. इथली काटकसर सहज दिसत नाही. ‘सँडविच’ म्हणतात त्या प्रकारात मध्ये कापलेले तुकडे असतात आणि भोवती एखाद-दोन अखंड पाने. पायाकडून, म्हणजे पेटवायच्या टोकाकडून, पाहिले तर लाँग फिलर वाटावे अशी रचना. वरचे फिकट, रेशमी रॅपर बहुतेकदा इक्वेडोरचे असते. मूळचे कनेटिकटचे हे वाण अमेरिकेत मांडव घालून सावलीत वाढवतात. इक्वेडोरमध्ये हंगामभर आभाळ झाकलेले असते, म्हणून मांडवाचा खर्चच नाही. सौम्यपणाचे श्रेयही मातीला कमी आणि मिश्रणात लिगेरो जवळजवळ नसण्याला जास्त आहे. म्हणजे पट्टीवर डॉमिनिकन रिपब्लिक, डोळ्यांना दिसणारे पान इक्वेडोरचे आणि आत तुकडे. देशाचे नाव सिगार कुठे वळली ते सांगते. पान कुठे पिकले ते त्यातून कळत नाही.

होंडुरासची दान्ली आणि हामास्त्रान खोऱ्यातली सिगार निकाराग्वाच्या जवळची, थोडी रांगडी. मेक्सिकोतल्या सान आंद्रेसचे काळे रॅपर चांगल्या आणि स्वस्त अशा दोन्ही सिगारांवर दिसते. काळा रंग जास्त उष्णतेच्या दीर्घ आंबवणीने येतो, पण स्वस्तात तो रंग फासूनही आणतात. ओला पांढरा टिश्यू रॅपरवर हलकेच फिरवा. फिकट पिवळट डाग आला तर तो पानाचा. काळपट चॉकलेटी रंग उतरला आणि ओठांनाही लागला तर रंगवलेले पान आहे.

फिलिपिन्समध्ये कागायान खोऱ्यात, इसाबेला प्रांतात हलकी तंबाखू पिकते. जावात जेंबेरच्या परिसरातली बेसुकी आणि सुमात्रातली देली ही पाने डच व्यापाऱ्यांनी युरोपात नेली. त्यातून कोरड्या डच सिगारची परंपरा तयार झाली. ही सिगार लहान, शॉर्ट फिलरची आणि बहुधा यंत्रावर बनलेली. तिला ह्युमिडॉर, म्हणजे ओलावा राखणारी पेटी, लागत नाही, ती कोरडीच ओढायची असते. पुष्कळ लोक तिला कॅरिबियन सिगारबरोबर ओलाव्यात ठेवतात, मग ती फुगते आणि हवा ओढली जात नाही. फिलरऐवजी बाइंडर पाहावे लागते ते इथे. स्वस्त यंत्रमालात बाइंडर म्हणून तंबाखूच्या भुकटीचा लगदा करून लाटलेला कागदासारखा तक्ता वापरतात. रॅपर सोलून पाहिले की शिरा नसलेला, एकसारखा तपकिरी थर दिसतो. दिसला की ओळखावे.

आणि आता आपल्या देशाबद्दल, कारण याबाबतचे मौन आम्हाला सर्वांत जास्त खटकते. मराठीतला ‘चिरूट’ हा शब्द तमिळ ‘सुरुट्टु’वरून आला. सुरुट्टु म्हणजे गुंडाळलेले. एकोणिसाव्या शतकात त्रिचनापल्ली चिरूट इंग्लंडच्या दुकानांत नाव घेऊन मागितले जात. त्यांची तंबाखू मुख्यतः दिंडिगुलच्या बाजूची होती. मद्रासच्या स्पेन्सर कंपनीचा सिगार कारखाना दिंडिगुलला होता. सिगार आणि खाण्याच्या तंबाखूवर काम करणारे केंद्र सरकारचे संशोधन केंद्र आजही त्याच जिल्ह्यात वेदसंदूरला आहे. आंध्रात गोदावरीतल्या बेटांना ‘लंका’ म्हणतात, त्या गाळाच्या जमिनीवरची लंका तंबाखू चुट्ट्यांसाठी, म्हणजे तिथल्या गावठी चिरुटांसाठी, वापरली जाते.

हा माल मागे का पडला? पहिले कारण विहिरीचे पाणी. खारट पाण्यावर वाढलेल्या पानात क्लोराइड साठते, आणि ते दोन टक्क्यांच्या आसपास गेले की पान धुमसते, विझते, पुन्हा पुन्हा पेटवावे लागते. खाण्याच्या तंबाखूला खारे पाणी चालून जाते, सिगारच्या तंबाखूला नाही. पोटॅशने पान चांगले जळते. पण ते म्युरेट ऑफ पोटॅशमधून दिले तर त्याबरोबर क्लोराइडही जाते, म्हणून सल्फेट ऑफ पोटॅशच द्यावे लागते. ते महाग आहे. शेतकऱ्याला सिगारच्या पानाचा वेगळा भाव मिळत नसेल तर त्याने ते का घालावे?

दुसरे कारण तोडणीचे. क्युबात आणि निकाराग्वात पाने खालून वर, काही दिवसांच्या अंतराने, दोन-तीन दोन-तीन अशी खुडतात. त्यामुळे प्रत्येक थर पक्व झाल्यावर हातात येतो आणि वेगळा आंबवता येतो. अख्खे झाड एकदम कापले की शेंड्याचे आणि तळाचे पान एकत्र सुकते. मग मिश्रण हाताशी राहत नाही. तिसरे, अनेक चिरुटांत बाइंडर नसतोच. फिलरवर थेट रॅपर. दोन्ही टोके कापलेली असल्यामुळे कटर लागत नाही, पण बांधणी सैल पडली की मधून बोगदा पडतो आणि कड तशीच राहते. असे झाले तर चिरूट जोरात ओढू नये. जळते टोक खाली धरून अर्धा मिनिट थांबावे, मागे राहिलेली कड काडीने पेटवावी.

निपाणी-चिकोडी-कागल पट्ट्यातल्या तंबाखूची सिगार का होत नाही, असे इकडे हमखास विचारले जाते. पान हातात घेतले की उत्तर मिळते. विडीच्या तंबाखूचा शेंडा खुडतात, बगलफुटी काढतात, म्हणजे सगळा जोर मोजक्या पानांत उतरतो आणि पान जाड, चिकट, कडक होते. ते उन्हात वाळवतात, त्यावर तपकिरी ठिपके उठतात, आणि ठिपके चांगले उठले तर माल चांगला मानतात. मग त्याचा चुरा करतात. विडीत तो जेमतेम पाव ग्रॅमच्या आसपास जातो. सिगारच्या रॅपरचे पान याच्या उलट: पातळ, बारीक शिरांचे, ताणले तरी न फाटणारे, सावलीत सुकवलेले. ठिपका पडला तर बाद. निपाणीचे पान आपल्या कामात उत्तम आहे, पण ते काम वेगळे आहे.

तब्येतीची बाब झाकून हे लिहिणे आम्हाला मान्य नाही. ‘धूर आत घेत नाही, मग काय होते’ हे वाक्य चुकीचे आहे. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, सिगारचा अल्कधर्मी. त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जाते. आंबवणीत तंबाखूतली नायट्रोसामाइन्स वाढतात, आणि ती कर्करोगाला कारण ठरतात. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका सिगारने वाढतो, मग ती कुठल्याही प्रदेशाची असो. किनारी आंध्रात जळते टोक तोंडात धरून चुट्टा ओढण्याची पद्धत आहे, तिने टाळूचा कर्करोग होतो हे डॉक्टरांनी फार पूर्वी नोंदवले आहे. जो ओढत नाही त्याने या पत्रामुळे सुरुवात करू नये.

जे ओढतात त्यांचा निम्मा माल आपल्या हवेत बिघडतो. म्हणून साठवणीबद्दल थोडे सविस्तर. कॅरिबियन पद्धतीच्या सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान मानवते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवा ९० टक्क्यांच्या आसपास जाते, तर नागपुरात मे महिन्यात ती २० टक्क्यांच्याही खाली उतरते. स्वस्त लाकडी ह्युमिडॉर दोन्हीकडे निकामी. इकडे लाकूड फुगते, तिकडे आकसून झाकणाला फट पडते. त्यापेक्षा रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्यावा, आणि ओलावा देणारी व शोषणारीही ६५ टक्क्यांची ६० ग्रॅमची पुडी २५ सिगारांमागे एक ठेवावी. पुडी कडक झाली की बदलावी. आर्द्रतामापकावर आधी भरवसा ठेवू नये. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबथेंब पाणी घालत ओल्या वाळूसारखे करावे, ते आणि मापक पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवावे. काटा ७५ दाखवायला हवा. ७१ दाखवला तर मापक चार कमी दाखवतो, एवढे लक्षात ठेवावे. फ्रिजमध्ये सिगार साठवू नये. ती कोरडी पडते आणि लसणाचा वास धरते.

रॅपरवर टाचणीएवढे गोल भोक आणि खाली बारीक भुकटी दिसली तर तंबाखूचा भुंगा लागला आहे. अंडी साठवणीतल्या पानातूनच येतात आणि घरातले तापमान २४-२५ अंशांवर टिकले की उबतात. आपल्याकडे ते वर्षाचे आठ महिने असते. दोन पिशव्यांत बंद करून एक दिवस फ्रिजमध्ये, मग चार-पाच दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर. पायरी चुकवून थेट फ्रीजरमधून बाहेर काढले की रॅपर तडकते. हिरवट-निळसर लव मात्र बुरशी असते. ती पायाच्या टोकातून आत गेली असेल तर सिगार फेकून द्यावी.

दुकानदार आणि आयातदारांकडे आमची मागणी साधी आहे. कायद्याप्रमाणे पाकिटाच्या मुख्य दर्शनी बाजूचा ८५ टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्याला आहे. उरलेल्या जागेत तीन ओळी मावतात: रॅपर, बाइंडर आणि फिलर कुठले, फिलर लाँग की शॉर्ट, वळल्याचा महिना आणि वर्ष. पेटी फोडून सुटी सिगार विकली की इशाराही जातो आणि ही माहितीही. ते थांबले पाहिजे.

आपल्या वृत्तपत्राने कधी वेगवेगळ्या प्रदेशांच्या सिगारांची तुलना छापली तर ती एकाच मापाच्या सिगारांची असावी. १२७ मिलिमीटर लांब आणि ५० गेजच्या, म्हणजे सुमारे २० मिलिमीटर जाड. त्या महिनाभर एकाच डब्यात ठेवाव्यात. सोनाराच्या लहान काट्यावर प्रत्येकीचे वजन घ्यावे. या मापाची सिगार दहा-बारा ग्रॅम भरते. एकाच बंडलात ग्रॅमभर हलकी निघालेली पोकळ जळेल, ग्रॅमभर जड निघालेलीतून हवा येणार नाही. आणि प्रत्येक बंडलातली एक सिगार न पेटवता धारदार ब्लेडने उभी चिरावी, पाने कागदावर पसरून त्यांचा फोटो तुलनेच्या शेजारी छापावा.

आपला,
तंबाखूच्या व्यापारातील एक वाचक,
निपाणी